पूर चार दिवसांचा, आंघोळ रोजची

आमचे अण्णा घरच्या ग्रुपवर रोज एक सुविचार आणि एक बातमी टाकतात. अण्णा म्हणजे माझे चुलते, निवृत्त मुख्याध्यापक, मुक्काम विश्रामबाग, सांगली. परवाची बातमी दिव्यांगांच्या अनुदानाची होती. संजय गांधी निराधार योजनेतल्या दीड हजारांचे २०२५ मध्ये अडीच हजार झाले. आता ज्यांना उठाबसायलाही दुसऱ्याचा हात लागतो, त्यांना मदतनीस ठेवायला वेगळा भत्ता द्या, अशी मागणी आहे. खाली अण्णांचा शेरा: ‘उद्या आई ठेवायलाही भत्ता मागतील. आमच्या सांगलीत अजून घरं शाबूत आहेत. परक्याच्या हातून आंघोळ घालून घ्यायची वेळ परदेशातल्या लोकांवर येते.’ त्यावर भराभर अंगठे.

परदेशातले लोक म्हणजे त्या ग्रुपवर मी एकटीच.

तर सांगूनच टाकते. रोज सकाळी पावणेसातला मला परक्या बाईच्या हातून आंघोळ घातली जाते. दक्षिण इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात, मागच्या दाराच्या की-सेफमधून, म्हणजे आकडे जुळवून उघडायच्या डबीतून, किल्ली काढून ती आत येते. कोट काढते, हात धुते, मला उचलणाऱ्या यंत्राची, हॉइस्टची, बॅटरी बघते. माझ्या पाठीखाली त्याची झोळी, स्लिंग, सरकवते. आधी डावा पाय, मग उजवा, कारण उजव्या मांडीत पेटका येतो. हे मी तिला एकदा सांगितलं, ते तिनं लिहून ठेवलं, विषय संपला. जानेवारीत खोबरेल तेल दगड होतं, म्हणून बाटली आदल्या रात्रीच रेडिएटरवर ठेवलेली असते. ती झिंबाब्वेची आहे आणि वेणी माझ्या आईपेक्षा घट्ट घालते. आठ वाजता मी कामाच्या पहिल्या मीटिंगला लॅपटॉपसमोर असते, कपाळावर टिकलीसकट.

या बाईला पगार मी देते. तिला निवडलं मी, तिच्या कामाच्या वेळा ठरवते मी, आणि पटलं नाही तर रीतसर नोटीस देऊन काढूही शकते. पैसे कौन्सिलचे, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेचे, त्यात मिळकत बघून कापलेला माझाही वाटा असतो. पण मालकीण मी. अण्णांना नेमकं हेच कळत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे येते ती कुणी नाही म्हणून लावलेली नर्स. पैसे देऊन माणूस ठेवला म्हणजे प्रेम आटलं, एवढा सरळ हिशेब.

इथेही हे कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. हॅम्पशायरमध्ये ल कोर्ट नावाचं अपंगांसाठीचं निवासगृह होतं, दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक लेनर्ड चेशर यांनी काढलेलं पहिलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच काही रहिवाशांनी हिशेब मांडला: आम्हाला इथे ठेवायला तुम्ही जो खर्च करता, तो आमच्याकडे द्या, आम्ही आमच्या घरात राहू आणि आमची माणसं आम्ही ठेवू. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं अपंग वर्ष, म्हणून त्यांच्या गटाचं नाव प्रोजेक्ट ८१. पैसे थेट माणसाच्या हातात द्यायला १९४८चा कायदा आडवा येत होता, तेव्हा ते संस्थेमार्फत फिरवून घेतले गेले. त्या गटातले जॉन इव्हान्स १९८३ मध्ये तिथून बाहेर पडून स्वतःच्या घरी राहायला गेले. थेट पैसे देण्याचा कायदा १९९६ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. आता हे सगळं २०१४ च्या केअर अ‍ॅक्टखाली चालतं. घर शाबूत नव्हतं म्हणून या लोकांनी माणसं ठेवली नाहीत, अण्णा. स्वतःचं घर मिळावं म्हणून ठेवली.

अण्णांना कलमं आवडतात, म्हणून आपल्याकडचीही देते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजनांची यादी आहे. जास्त मदत लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता त्यात लिहिलेला आहे. अशी मदत मागायला अर्ज कसा करायचा, मंडळानं तपासणी कशी करायची, हे कलम ३८ मध्ये. म्हणजे जी मागणी वाचून अण्णांचा सकाळचा चहा कडू झाला, ती संसदेनं केव्हाच मान्य केलेली आहे. ‘सरकारच्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत’ अशी मेख तेवढी मारून ठेवलीय. केरळात सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये देणारी योजना आहे. चांगलंच आहे, पण तिथेही पैसे सांभाळणाऱ्याकडे जातात. ज्याला सांभाळायचं तो तसाच, मिंधा.

मिंधेपण काय असतं, ते मला सांगलीत कळलं. धाकट्या मावसबहिणीचं लग्न होतं, मार्केट यार्डाजवळच्या एका कार्यालयात. संडास तीन पायऱ्या खाली आणि भारतीय पद्धतीचा. मी आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद केलं. दुपारी पंगतीत वाढपी पाण्याचा जग घेऊन आला की मी पेल्यावर हात धरायचे. मला उचलायला माणसं नव्हती असं नाही, मांडव भरून माणसं होती. ‘अगं, सांगायचंस ना, आम्ही कशाला आहोत!’ असं प्रत्येकजण म्हणाला असता आणि मनापासून म्हणाला असता. पण त्यासाठी कुणाचं तरी ताट अर्ध्यात सुटणार, शालू खोचून दोघींना कंबर वाकवावी लागणार, त्यातली एक आई असणार, आणि आईच्या मणक्यात तेव्हाच गॅप निघालेला. प्रेमाच्या माणसाला ‘आत्ता ये’ म्हणता येत नाही. ‘हळू धर, दुखतंय’ हेसुद्धा हसत हसत म्हणावं लागतं.

यावर अण्णांचा हुकमी एक्का ठरलेला असतो: २०१९चा पूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभागातल्या घरातून आजीला खुर्चीसकट बोटीत घातलं ते गल्लीतल्या पोरांनी. त्यातलं एकही पोर पगारी नव्हतं. खरं आहे. मी इथे स्क्रीनपुढे रडत ते व्हिडिओ बघत होते आणि मला त्या पोरांचा काय अभिमान वाटला होता! इथे शेजारच्या म्हाताऱ्याला अ‍ॅम्ब्युलन्समधून नेलं, ते मला आठवड्यानं कळलं, तेही रिसायकलिंगचा डबा बाहेर दिसला नाही म्हणून. पण पूर चार दिवसांचा, अण्णा. आंघोळ रोजची असते. चार दिवस खांदा देणारी पोरं पाचव्या दिवशी आपल्या कामाला जातात आणि त्यांनी जायलाच हवं. सहाव्या दिवसापासून ते काम घरातल्या एका बाईवर येतं, आणि त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं.

इथे कायदा कसा आहे बघा. एकाच घरात राहणाऱ्या नवऱ्याला, बायकोला किंवा जवळच्या नातेवाइकाला या पैशांतून पगार देता येत नाही. तसं करणं गरजेचंच आहे असं कौन्सिलनं मानलं तर गोष्ट वेगळी. मला सुरुवातीला हे विचित्र वाटलं होतं. आता वाटतं, नवऱ्यानं संध्याकाळी येऊन नुसतं शेजारी बसावं, चहा प्यावा, मॅचवर वाद घालावा, यासाठी हे किती बरं आहे.

मालकीण होणं मात्र आरामाचं काम नाही. माणूस ठेवला की त्याचा पहिला दिवस उजाडायच्या आत कामाच्या अटी लेखी द्याव्या लागतात. विमा घ्यावा लागतो, किमान पन्नास लाख पौंडांचा, तिला माझ्या घरात काही इजा झाली तर म्हणून. तिला इथे काम करायची परवानगी आहे की नाही, हे तपासायची जबाबदारी माझी. वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी सुट्टी. पगार ठरावीक रकमेच्या वर गेला की पेन्शनमध्ये माझे तीन टक्के. ‘मी सेल्फ-एम्प्लॉइड आहे, माझं मी बघते’ असं तिनं म्हटलं म्हणून सुटका होत नाही. वेळा मी ठरवते, काम मी सांगते, म्हणजे टॅक्सवाल्यांच्या लेखी ती बहुधा माझी नोकरच. पगाराच्या चिठ्ठ्यांसाठी पेरोलवाले आहेत, पण टाइमशीट मलाच तपासावी लागते. एप्रिल २०२६ पासून किमान वेतन तासाला १२.२१ वरून १२.७१ पौंड झालं. आजारपणाचा पगारही आता पहिल्या दिवसापासून द्यायचा, पूर्वी तीन दिवस सोडून मिळायचा. बरोबरच आहे. पण कौन्सिलकडून मला मिळणारा दर त्याच तारखेला वाढत नाही. मधल्या काळात मी फोन लावून बसते, आणि पलीकडून होल्डवरचं व्हिवाल्डीचं संगीत वाजत राहतं.

आणि एका बँक हॉलिडेला सकाळची बाई आजारी पडली. दुसरी गाडीत होती, लांब. नवरा कामानिमित्त परदेशी. मी साडेअकरापर्यंत छताकडे बघत पडून होते. तेव्हा सांगली आठवली, नाही म्हणत नाही. तिथे नुसती भिंतीवरून हाक मारली असती तर पाटलांची काकू पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी आली असती. पुढे दहा वर्षं तिनं ते चारचौघांत सांगितलंही असतं, पण आली असती.

हे मी ग्रुपवर लिहीत नाही. अण्णांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्या? तिथे मी स्वच्छ फुटपाथ, रॅम्पवाल्या बसगाड्या आणि माझी नोकरी यांबद्दलच लिहिते. ‘तुम्हाला कळायचं नाही’ असा सूर त्यात लागतो, असं धाकटा भाऊ म्हणतो. लागत असेल. पासपोर्ट बदलला तेव्हा पेढे वाटणारी मी, आणि रात्री झोप येईना की विश्रामबागेत तळमजल्यावरचे फ्लॅट शोधत बसणारीही मीच. दाराची रुंदी बघते, लिफ्ट बघते, मग विचार येतो की सकाळी पावणेसातला दार कोण उघडणार, आणि टॅब बंद करते. सांगलीला परत जायचं म्हणजे मालकीणपण सोडून पुन्हा ‘बिचारी’ व्हायचं, अशी माझी खात्री आहे. इथे मला कुणी बिचारी म्हणत नाही. माझं नावही कुणाला नीट म्हणता येत नाही, ते सोडा.

अण्णांच्या पोस्टनंतर दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे अण्णांची सून. दादा तासगावच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला, तेव्हापासून छातीखाली संवेदना नाही. ‘शाबूत घर’ म्हणून अण्णा ज्याचा दाखला देतात, ते घर वहिनीच्या पाठीवर उभं आहे. ती गच्चीवरून बोलत होती, वाऱ्याचा आवाज येत होता.

“ताई, तिकडं बाईला किती द्यावं लागतंय?”

मी सांगितलं. तिनं मनात गुणाकार केला असावा, कारण जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, नर्सिंग ब्युरोवाल्याला विचारलं, तो बारा तासांचे पैसे मागतोय, आम्हाला तर सकाळचे दोन तास पाहिजेत. शिवाय माणूस दर चार दिवसांनी बदलणार. मिरजेच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय असलेला एक मुलगा तयार आहे, ड्युटीला जाता जाता येईन म्हणतो. पण सासूबाई विचारतायत, कुणाचा हाय, आणि न्हाणीघरात जायचं तर स्वयंपाकघरातूनच जावं लागतं. घरची माणसं, घरची माया म्हणून अण्णा जे लिहितात, त्यात हे कधी येत नाही.

आम्ही तासभर बोललो. मी म्हटलं, आधी दादाला विचार, त्याला तो मुलगा चालतोय का. ती म्हणाली, “त्यांना कशाला विचारायचं? आपणच ठरवू की.” मी म्हटलं, न्हायचं कुणाला आहे? मग वेळ ठरव, काय काय करायचं ते कागदावर लिही, दादाच्या तोंडून लिही. आठवड्याची सुट्टी आधीच ठरव. पैसे महिन्याच्या ठरल्या तारखेला, खात्यावर, आणि ते दादाच्या फोनवरून जाऊ देत. पाठ मोडायची नसेल तर उचलण्यापेक्षा सरकवायची फळी घ्या. “एवढं लिहून घ्यायचं म्हणजे त्याला वाईट वाटंल की,” वहिनी म्हणाली. नाही वाटणार, उलट आपलं काम कुठं संपतं ते त्याला कळेल.

मुलगा यायला लागला. अण्णांनी ग्रुपवर कळवलं की ‘फिजिओसाठी एक जण येतो’. असू दे.

डिसेंबरात मी सांगलीला जाणार आहे, म्हणून परवा वहिनीला विचारलं, माझ्यासाठी पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ येईल अशी बाई मिळेल का. पैसे मी देईन, रविवारी सुट्टी.

“तू पाव्हणी व्हय गं? आम्ही आहोत की!” वहिनी एकदम दुखावली.

मी म्हटलं, तू आहेसच, पण तू माझ्याशी गप्पा मारायला आहेस.

“आणि रविवारी तुला उचलणार कोण?”

“दुसरी बाई.”

“दोन बायका? पंधरा दिवसांसाठी?” पलीकडून तिनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला ऐकू आला. “अण्णांना काय सांगू मी?”

“फिजिओ म्हण,” मी म्हटलं. “दोन फिजिओ.”