बेट आहे? मग मांजर न्या की

भावांनो, तुमच्याकडं एखादं बेट असेल, लहानसं का असेना, तर सगळ्यात आधी तिथं मांजर नेऊन सोडा. सल्ला फुकट आहे आणि देणारा मी कोल्हापूरच्या गंगावेशीतला बोका, सांजच्याला कट्ट्यावर म्हशी पिळतात तिथं आपली जागा फिक्स, त्यामुळं भुकेपोटी बोलतोय असं कुणी समजू नये, हे आपलं निव्वळ निसर्गप्रेम.

दुर्मिळ पाखरू बघायचं तर तुम्ही महागडी दुर्बीण घेता, चिखलात पालथं पडता आणि शेवटी साळुंकीचा फोटो काढून येता. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ साली दीपगृह सुरू झालं, माणसांच्या मागनं मांजरंही पोचली, आणि त्यातल्या एकीनं दारात आणून टाकलं काय, तर उडता न येणारं, उंदरागत पळणारं बारकं पाखरू, जे कुठल्या पुस्तकात नव्हतं. लायल नावाच्या मदतनीसानं ते तज्ज्ञांकडं धाडलं, रॉथ्सचाइल्डसारख्या लंडनच्या श्रीमंतानं नमुने विकत घेतले, नाव कुणी ठेवायचं यावरनं भांडणं झाली आणि तेवढ्यात पाखरू संपलं सुद्धा. पाखराला नाव लायलचं. आम्हाला साधा बांगडा नाही, वर सगळा दोष टिबल्स नावाच्या एकाच मांजरीवर. खरं तर तिथं रानटी झालेली बरीच मांजरं होती, आणि न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरची हीच पाखरं त्याच्या कितीतरी आधी माणसांच्या होडीतनं आलेल्या उंदरांनी उरकली होती, पण ते कोण ऐकतंय.

दुसरी टिप, मांजरांचं नसबंदीचं ऑपरेशन अजिबात करायचं नाही, मुक्या जीवाचं पाप लागतंय. दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर उंदीर झाले म्हणून १९४९ च्या सुमारास पाच मांजरं नेली. पाचच! १९७० च्या दशकात त्यांची पिलावळ वर्षाला साडेचार लाखांवर समुद्रपक्षी खात होती, बिळात घरटी करणारे, म्हणजे ताट वाढूनच ठेवलेलं की. मग माणसांना जाग आली, रोग सोडला, बंदुका आणल्या आणि १९९१ पर्यंत आमचा वंश साफ. आता तिथले उंदीर घरट्यात बसलेला अल्बाट्रॉस जिवंतपणी कुरतडतात. काढा आता रील.

झाडाझुडपांचे शौकीन म्हणतील आमचं काय, तर आम्ही पाला खात नाही, ससे खातो. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वेरी बेटावर शेवटचं मांजर २००० साली मारलं, सशांवरचा रोगही ढिला पडत गेला, आणि सशांनी तिथला मोठ्या पानांचा कोबी, जो असल्या मोजक्या थंडगार बेटांवरच उगवतो, असा फस्त केला की हिरवे डोंगर बोडके झाले. मग सशांसाठी वेगळी मोहीम, वेगळा खर्च, २०१४ ला कुठं सुटले. कसंय, आधी आणायचं, मग मारायचं, मग मारल्याचं निस्तरायचं, काम संपत नाही आणि बजेटही.

आता म्हणाल कोल्हापुरात बेट कुठनं आणू? मसाई पठार बघा की. उंचावर एकटं पडलेलं, खाली कुठं दिसणार नाहीत अशी फुलं वर. सह्याद्रीतलं कंदीलपुष्प तर आम्हाला बावळटच वाटतंय, नळीतल्या उलट्या केसांनी बारक्या माश्या आत कोंडतंय आणि केस सुकले की पराग चिकटवून सोडून देतंय. धरलेलं कुणी सोडतंय व्हय? विद्यापीठाच्या बागेत ही जपलीत म्हणे, तुम्ही मात्र रानातली शोधा, त्यांच्यावरच गाडी लावा आणि सेल्फी घ्या.

आणि घरात पिल्लं झाली की पोत्यात घालून नदीपल्याड सोडायची जुनी पद्धत बंद करा, आम्ही परत येतो. थेट पठारावर न्या, तिथं टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात, झाडावर चढायची पण कटकट नाही. फक्त पोत्याची गाठ सोडून मग निघा, ती आम्हाला सुटत नाही.