‘मुलांना यात कशाला ओढता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही नववीतल्या तुमच्या मुलाबद्दल लिहिलं आहे, त्यामुळे घाईघाईने उत्तर द्यावंसं वाटलं नाही. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. दहशतवादी हल्ल्याची बातमी आली की घरातल्या मोठ्यांनी मुलांशी त्याबद्दल मोकळेपणाने बोलावं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: मुलगा नीट जेवतो, खेळतो, मग आपणच विषय उकरून त्याच्या मनात भीती का घालायची? दहशतवादी असे का वागतात हे मुलांना समजावणं म्हणजे त्यांची बाजू मांडणंच. आणि आमच्या लहानपणी आम्हाला कुणी जवळ बसवून समजावलं नव्हतं, तरी आम्ही धडधाकट वाढलोच.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते. आपल्या लहानपणी अशी बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यायची आणि पेपर आधी मोठ्यांच्या हातात पडायचा. आता तसं नाही. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींमध्ये ५१ जणांची हत्या झाली. मारेकऱ्याने ती इंटरनेटवर थेट दाखवली. पहिल्या २४ तासांत फेसबुकने त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लाख प्रती हटवल्या. त्यातल्या १२ लाखांहून जास्त चढवतानाच अडवल्या गेल्या, म्हणजे उरलेल्या आधी लोकांपर्यंत पोचल्या आणि मग हटवल्या गेल्या. तुमच्या-माझ्या घरातला टीव्ही बंद ठेवून हे थांबत नाही.

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते. आठवीतली एक मुलगी माझ्याकडे आली होती. वर्गात ती दाराजवळच्या बाकावर बसायला तयार नव्हती, म्हणून बाईंनी पाठवली होती. एका हल्ल्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते. घरी आईवडिलांनी पहिल्या दिवसापासून बातम्या बंद ठेवल्या होत्या, त्यांना जमेल तितकी काळजी त्यांनी घेतली होती. पण मैत्रिणींच्या ग्रुपवर आलेली चाळीसेक सेकंदांची चित्रफीत तिने पांघरुणात तोंड घालून, आवाज बंद करून पाहिली होती. किती वेळा, ते तिलाही आठवत नव्हतं. माझ्या टेबलावर बोटाने रेघा ओढत ती सांगत होती, “इथे दार. इथे तो. इथे एक बाई, पिवळी पिशवी घेतलेली. पिशवी खाली पडते आणि मग व्हिडिओ संपतो.” तिला एकच गोष्ट विचारायची होती: त्या बाईचं पुढे काय झालं?

“आईला विचारलंस का?” असं मी म्हटलं, तर म्हणाली, “आईला वाटतं मला काहीच माहीत नाही. तिला वाईट वाटेल.”

हे वाक्य मला विसरता येत नाही. तिला त्रास होऊ नये म्हणून घरातले गप्प होते आणि घरातल्यांना त्रास होऊ नये म्हणून ती. माझ्या लेखाचा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी होता. आपण बोललो नाही म्हणून मूल त्या हल्ल्यापासून लांब राहत नाही, ते त्या चाळीस सेकंदांबरोबर एकटं राहतं.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारतीत स्फोट झाला, १६८ माणसं गेली, त्यांत १९ लहान मुलं होती. नंतर त्या शहरातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास झाला. ज्यांच्या ओळखीतलं कुणीही गेलं नव्हतं अशा मुलांमध्येही, टीव्हीवर ती दृश्यं जास्त पाहण्याचा आणि मानसिक आघाताच्या लक्षणांचा संबंध दिसला. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर मोठ्या माणसांच्या पाहणीतही असंच काहीसं आढळलं. नंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त त्याच बातम्या पाहणाऱ्यांनी जो ताण नोंदवला, तो प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त होता. म्हणून टीव्ही बंद करण्याला माझा विरोध नाही, तो बंद करावाच. फक्त सोबत तोंडही बंद करू नये.

आता समर्थनाचा मुद्दा. तुमचा संताप मला कळतो आणि तो योग्य जागेवरूनच आलेला आहे. पण दहशतवाद कसा चालतो हे कळणं वेगळं आणि त्याला माफ करणं वेगळं. हल्लेखोर मारतो समोरच्या मोजक्या माणसांना, पण घाबरवायचं असतं ते लांब बसून पाहणाऱ्या लाखोंना. त्याला प्रेक्षक हवे असतात. पंधरा वर्षांच्या मुलाला एवढं उमगलं, की चित्रफीत पुढे पाठवायची की नाही हे तो स्वतः ठरवू शकतो. सगळं हाताबाहेर गेल्यासारखं वाटत असताना करण्यासारखी एक तरी गोष्ट त्याच्या हाती येते. क्राइस्टचर्चनंतर तिथल्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं होतं की त्या मारेकऱ्याचं नाव कधीही उच्चारणार नाहीत. किशोरवयीन मुलांसमोर हे उदाहरण ठेवलं की त्यांना ते पटकन भिडतं, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट मागच्या लेखात सांगायची राहिली. हल्ल्यानंतर वर्गातल्या एखाद्या मुलाकडे त्याच्या धर्मामुळे किंवा दिसण्यामुळे बोटं वळतात. २२ जुलै २०११ ला नॉर्वेत आधी ओस्लोमध्ये स्फोट झाला आणि मग उटोया बेटावर तरुणांच्या राजकीय शिबिरात गोळीबार झाला. एकूण ७७ जण मारले गेले, त्यांतले ६९ त्या बेटावर. सुरुवातीच्या तासांत अनेक जाणकारांनी परदेशी इस्लामी गटांकडे बोट दाखवलं. हल्लेखोर निघाला तिथेच जन्मलेला, अतिउजव्या विचारांचा माणूस. ‘ते सगळे तसलेच’ हे वाक्य मुलं घरात, बसमध्ये, ग्रुपवर ऐकतात. त्यावर घरातलं कुणी बोललं नाही, तर दुसरं कुणीतरी बोलतं. तरुण पोरांना जाळ्यात ओढणारेही नेमकं हेच हेरतात, की कोण रागावलेलं आहे आणि कुणाचं ऐकून घ्यायला कुणी नाही.

तुमचं एक म्हणणं मात्र मी पूर्ण मान्य करते. उकरून काढू नये. आघातानंतर लगेच माणसाला बसवून सगळं पुन्हा वदवून घेण्याची पद्धत एके काळी होती, आता जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नका असं सांगते. २०११ च्या तिच्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराच्या तीनच गोष्टी आहेत: पाहा, ऐका आणि गरजेच्या मदतीशी जोडून द्या. ‘बोलतं करा’ असं त्यात नाही, माझ्या लेखात मात्र तसा सूर लागला होता. वयाचा फरकही मी नीट मांडला नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तेच दृश्य पुन्हा दाखवलं तर तो पुन्हा नवा हल्ला झाला असं समजू शकतो. त्याला तपशील नकोच, त्याला जवळ घेणारं माणूस आणि रोजच्या वेळेला रोजची झोप हवी.

‘असं पुन्हा कधीच होणार नाही’ हे मात्र कुठल्याच वयाच्या मुलाला सांगू नका. पुढची बातमी आली की तुमच्या शब्दावरचा विश्वास जाईल. असे हल्ले क्वचित होतात आणि ते रोखण्यासाठी पुष्कळ माणसं राबत असतात, एवढं बहुतेक ठिकाणी खरं आहे. जिथे सततच हिंसाचार चालू असतो, तिथे तेही म्हणता येत नाही. तिथल्या मुलांना कुठे थांबायचं, कुणाचा हात धरायचा, एवढंच खरं सांगता येतं.

तुमचा मुलगा नीट असेल, तसंच असण्याची शक्यता जास्त आहे. बहुतेक मुलं घरच्यांच्या आधाराने, कुठल्याही उपचारांशिवाय सावरतात. तरी एकदा, समोरासमोर बसवून नाही, गाडीत शेजारी असताना किंवा काही काम करता करता विचारून बघा: “तुमच्या ग्रुपवर यावर काय चाललंय?” ‘तुला भीती वाटते का?’ असं विचारलंत तर नववीतला मुलगा नाहीच म्हणेल. त्याने खांदे उडवले तर सोडून द्या. आपल्या घरात हे विचारता येतं, इतकं त्याला कळलं तरी पुष्कळ झालं. झोप उडणं, ठरावीक जागा टाळणं, कारण नसताना दचकणं, एरवी शांत असलेल्याने सारखं चिडणं, यातलं काही महिन्याहून जास्त टिकलं तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मुलग्यांमध्ये भीती बऱ्याचदा रागासारखी दिसते, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

त्या मुलीला मी खरं तेच सांगितलं, की त्या बाईचं काय झालं ते मला माहीत नाही. मग तिला विचारून तिच्या आईला बोलावलं. आई आधी गप्प बसली, मग तिने मुलीला विचारलं, “कुठली पिशवी, सांग मला.” आणि मुलीने टेबलावर पुन्हा पहिल्यापासून रेघा ओढल्या.

मूळ लेखातला ‘बोलतं करा’ हा भाग आजच बदलते आहे आणि वयाबद्दलचा परिच्छेद जोडते आहे. मुलगा काही म्हणाला तर कळवा. काहीच म्हणाला नाही, तरी कळवा.