लाट फाटली नव्हती

आमच्या लॅबमध्ये सध्या सहा कॉम्प्युटर चालू आहेत, सगळे विंडोज ७ चे. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज, बी.एस्सी. फायनलची पोरं. त्यांना टनेलिंग, म्हणजे ऊर्जा कमी असूनही कण भिंतीपलीकडे निघतो ते, दाखवायला मी बारा वर्षांपूर्वी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. श्रोडिंजरने १९२६ साली मांडलेलं, कणाची लाट कशी पुढे सरकते ते सांगणारं समीकरण तो एकेका पावलाने सोडवत जातो. वेव्ह पॅकेट, म्हणजे कण दाखवणारा लाटेचा पुंजका, भिंतीवर येतं, बरंचसं मागे फिरतं आणि थोडंसं पलीकडे निघतं. फळ्यावर दोन तास घालूनही जे डोक्यात शिरत नाही, ते इथं अर्ध्या मिनिटात दिसतं.

दिवाळीच्या आधी, घरचं सोयाबीन निघाल्यावर कॉलेजात आलेल्या एका मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. "सर, लाट इथं इथं फाटली काय?" पाहतो तर खरंच, जिथं गडद लाल संपतो तिथं एकदम गडद निळा, मध्ये धारदार रेघ. लाट फाटली नव्हती. रंग दाखवतो तो फेज, म्हणजे लाट तिच्या फेऱ्यात कुठे आहे तो कोन; तो उणे १८० अंश म्हणा की अधिक १८०, गोष्ट एकच. पण मॅटप्लॉटलिब या पायथनच्या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीत २०१७ पर्यंत आपोआप येणारी 'जेट' रंगपट्टी मी तशीच ठेवली होती, आणि तिची दोन टोकं एकमेकांना जुळत नाहीत. इतकी वर्षं मी पोरांना नसलेली भेग दाखवली. रात्री झोप लागली नाही.

मग अपडेट करायला बसलो. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपलेला. त्यात ५ भागिले २ म्हणजे २ यायचे, नव्यात २.५ येतात; भिंत ग्रिडच्या, म्हणजे प्रोग्राम ज्या क्रमांकित बिंदूंवर गणित करतो त्यांच्या, मधोमध बसवायची तर अडीच नंबरचा बिंदू आणायचा कुठून? नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीने १.२४ पासून 'एनपी डॉट कॉम्प्लेक्स' हे नाव काढून टाकलंय, आणि वेव्ह फंक्शन, म्हणजे आपली लाट, तर सगळी कॉम्प्लेक्स (वास्तव अधिक काल्पनिक भाग असलेल्या) आकड्यांचीच. हे सगळं दुरुस्त केलं. रंगाला 'ट्वायलाइट' घेतली, तिची टोकं जुळतात. रेघा गेल्या.

लोक म्हणतात, ब्राउझरवर टाका, कशाला डेस्कटॉपच्या मागे लागता. लाईन गेली की आमच्याकडे नेटही जातं, हे त्यांना माहीत नाही. विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढे जाता येत नाही, म्हणून मी तिथंच थांबलो आणि सगळ्या फायली पेनड्राइव्हवरून टाकल्या. नवीन बटणं, गुळगुळीत खिडक्या मला नकोत. चित्र खरं आहे का, एवढंच मी आधी बघतो. जुना आणि नवा प्रोग्राम एकाच भिंतीवर चालवला, पलीकडे गेलेला हिस्सा ताडून पाहिला, आणि कण कुठे ना कुठे सापडण्याची एकूण संभाव्यता शेवटपर्यंत १ राहते ना, हे प्रत्येक पावलाला तपासलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी नेटशिवाय चालणारा इन्स्टॉलर द्यायलाच हवा, हे माझं ठाम मत आहे.

आसपासच्या कॉलेजातल्या कोणाला हवं असेल तर पेनड्राइव्ह घेऊन या. दुपारी दोननंतर मी लॅबमध्येच असतो.