मोरचूद पांढरा झाला म्हणजे सगळं पाणी गेलं?

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की मुलांच्या मोबाइलवर हा मजकूर फिरू लागतो: 'मोरचुदातलं पाणी म्हणजे ओलावाच. निळा रंग गेला की पाणी संपलं. जाळ जितका मोठा तितकं उत्तर अचूक. वजन एकदा केलं की पुरे. ५ आलं नाही तर आकडे जुळवा.' हे वाचून वाईट वाटतं, कारण हा प्रयोग फार सुंदर आहे: मोरचूद म्हणजे निळं कॉपर सल्फेट, ते तापवून आधी आणि नंतर वजन करायचं आणि दर कॉपर सल्फेटमागे पाण्याचे किती रेणू आहेत ते शोधायचं. खरं उत्तर ५.

आधी ओलाव्याचं. मोरचुदाचा खडा चिमटीत धरा, बोटं कोरडीच राहतात. तरी त्याच्या वजनात ३६ टक्के पाणी असतं. ओलावा हवेप्रमाणे कमीजास्त होतो, हे पाणी ठरलेलं असतं: चार रेणू तांब्याला जोडलेले, पाचवा सल्फेटला हायड्रोजन बंधांनी धरलेला. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी द्राक्षबागायतदार १ किलो मोरचूद घेतो तेव्हा त्यात तांबं साधारण २५५ ग्रॅमच असतं, ते याच पाण्यामुळे.

रंगावर भिस्त ठेवली की खरा घोळ होतो. चार रेणू ११० अंश सेल्सिअसच्या आसपास सुटतात, पाचवा मात्र २०० अंशांच्या सुमारास. मधल्या टप्प्यातली भुकटीही जवळजवळ पांढरीच दिसते. तिथेच थांबलात तर उरलेलं पाणी कॉपर सल्फेटच्या वजनात धरलं जातं, पाणी आणि कॉपर सल्फेट यांचं गुणोत्तर ३.६ येतं, मुलं ते ४ करतात आणि चुकीचं सूत्र लिहून मोकळी होतात.

उलट जाळ बेफाम केला तर सल्फेटच फुटतं. सल्फर ट्रायऑक्साइड उडून जातो आणि त्याची घटही पाण्यातच मोजली जाते, मुशीत (तापवायच्या भांड्यात) काळं कॉपर ऑक्साइड दिसू लागतं. दहावा हिस्सा जरी असा फुटला तरी उत्तर ५.७, म्हणजे ६! भुकटीत काळे ठिपके दिसले की नवा नमुना घ्यायचा.

वजन एकदा करून का भागत नाही, ते आकड्यांतच पाहा. रिकामी मूस २२.१४० ग्रॅम, मोरचुदासह २४.६४०. पहिल्यांदा तापवून, शुष्कपात्रात (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून २३.७६५. पुन्हा तापवल्यावर २३.७४१, तिसऱ्यांदा २३.७४०. पहिल्याच वजनावर गुणोत्तर ४.७७ येतं. वजन स्थिरावल्यावर कोरडं कॉपर सल्फेट १.६०० ग्रॅम, गेलेलं पाणी ०.९००. त्यांना त्यांच्या रेणुभारांनी, म्हणजे अनुक्रमे १५९.६ आणि १८.० ने भागा: ०.०१००३ आणि ०.०५०० मोल. गुणोत्तर ४.९९.

आता आकडे जुळवण्याबद्दल. वहीत ३.६ आलं असेल तर ते ३.६च लिहा, पोरांनो. पाचवा रेणू अजून मुशीतच आहे, हे ते ३.६च सांगतं. खाडाखोड करून ५ लिहिलंत तर ते कोणालाच कळणार नाही. बर्नर पुन्हा पेटवा, दहा मिनिटं तापवा, थंड करा आणि परत वजन करा.