कारण: पक्षी

आधी एक कबुली देतो, मग सायबर सुरक्षेसाठी देशादेशांत होणाऱ्या सहकार्याच्या मुद्द्यावर येतो.

सरकारी वीज कंपनीत मी ३१ वर्षं काढली, त्यातली बहुतेक उपकेंद्रावर, शिफ्टला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका २२० केव्ही उपकेंद्रात दुपारी टेस्टिंगवाल्यांचं काम चालू होतं. पॅनलच्या मागच्या बाजूला वायरींवर नंबरांचे फेरूल, म्हणजे छोट्या नळ्या, असतात, त्यातले दोन उलटसुलट बसले होते. नंबर बघून टेस्टिंगच्या पोरानं ज्या टर्मिनलला हात घातला, ते शेजारच्या चालू लाइनचं निघालं. भोंगा वाजला, यार्डात ब्रेकर, म्हणजे लाइनचा मोठा स्विच, उघडल्याचा दणका झाला आणि दोन तालुक्यांची वीज गेली. मी पॅनलसमोरच उभा होतो. ब्रेकर उघडायला लावणारा ट्रिप रिले चालला होता, पण लाइनवरचा फॉल्ट, म्हणजे बिघाड, ओळखणाऱ्या डिस्टन्स रिलेचा एकही फ्लॅग (खुणेची पट्टी) पडला नव्हता. म्हणजे लाइनवर फॉल्ट नव्हताच. मी लॉगबुक उघडलं, तेवढ्यात वरून फोन आला. कारणाच्या रकान्यात माझ्याच हातानं मी 'पक्षी' असं लिहिलं. पक्षी लाइनवर बसला, ट्रिप झाली, विषय संपला. खरं लिहिलं असतं तर चौकशी लागली असती आणि सगळं त्या पोरावर आलं असतं.

आठ महिन्यांनी दुसऱ्या एका उपकेंद्रात अगदी तसंच घडलं. पॅनल त्याच खेपेतला, तेच दोन फेरूल उलटे. तिथल्या लोकांना आम्ही कळवलंच नव्हतं. कळवणार काय? आमच्याकडे तर पक्षी बसला होता.

हे आज सांगायचं कारण म्हणजे सायबर सुरक्षेसाठी परदेशांशी होणारे करार. अशी बातमी आली की ती मी शेवटपर्यंत वाचतो. आपल्या सर्ट-इननं, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, अमेरिकेच्या सर्टशी २०११ च्या जुलैत दिल्लीत करार केला. २०१६ मध्ये भारत-अमेरिका सायबर सहकार्याची चौकट ठरली. भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या क्वाडच्या चार देशांनी २०२२ च्या मे महिन्यात टोकियोत सायबर सुरक्षेची सामायिक तत्त्वं मान्य केली. हे सगळं हवंच आहे. वीजजाळ्यावरचा हल्ला परदेशातल्या एखाद्या खोलीतून येतो, तिसऱ्याच देशातल्या सर्व्हरवरून फिरतो आणि आपल्या उपकेंद्रात उतरतो. एकट्या देशाला त्याचा माग काढणं जमत नाही. पण या सहकार्यातून खरोखर हाताला काय लागतं, हे मला युक्रेनच्या एका प्रकरणातून कळलं, आणि ते थोडं सविस्तर सांगायला हवं.

२३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेनमधल्या इवानो-फ्रँकिव्हस्क भागात वीज वितरणाच्या कंट्रोल रूममध्ये दुपारची शिफ्ट चालू होती. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा माउसचा बाण आपोआप हलायला लागला. बाण ब्रेकरच्या चिन्हावर जायचा, ब्रेकर उघडायचा, मग पुढचं उपकेंद्र. ऑपरेटरनं माउस धरून ओढून पाहिला, काही उपयोग झाला नाही. त्याला सिस्टीममधून बाहेर फेकलं गेलं, परत आत शिरायला गेला तर पासवर्ड बदललेला. मी ते वाचलं तेव्हा माझ्या हाताला घाम फुटला होता. आपल्या ताब्यातला ब्रेकर आपल्या समोर दुसरं कुणी उघडतंय आणि आपण नुसते बघतोय, याहून वाईट अवस्था शिफ्टवरच्या माणसाची असू शकत नाही.

तीन वितरण कंपन्यांवर एकाच वेळी हल्ला झाला होता. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले, तेही ऐन थंडीत. हल्लेखोर कित्येक महिने आधीच आत येऊन बसले होते. कर्मचाऱ्यांना ईमेल आले, त्याला ऑफिसच्या साध्या फाइली जोडलेल्या, कुणीतरी फाइलीतला मॅक्रो, म्हणजे आत दडलेला छोटा प्रोग्राम, चालू केला आणि ब्लॅकएनर्जी नावाचा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, शिरला. मग त्यांनी हळूहळू दुरून काम करायचे पासवर्ड गोळा केले. हल्ल्याच्या दिवशी त्यांनी ब्रेकर तर उघडलेच, शिवाय उपकेंद्रातल्या संपर्क यंत्रांचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला मूळ प्रोग्राम, खराब करून टाकलं, म्हणजे दुरून ब्रेकर परत लावायची सोयच राहू नये. ग्राहकांच्या तक्रारी पोचू नयेत म्हणून कॉल सेंटरवर खोट्या फोनांचा मारा केला. कंट्रोल रूमच्या यूपीएसलासुद्धा बंद पडायची वेळ लावून ठेवली होती.

तरीही वीज काही तासांत परत आली. माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हातानं ब्रेकर लावले. त्यांचं जाळं जुन्या वळणाचं होतं, यार्डात जाऊन हाताने स्विचिंग करायची सवय लोकांच्या अंगात होती, म्हणून ते तरले.

इथून पुढचा भाग माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा आहे. युक्रेननं दार उघडलं. अमेरिकेच्या गृहसुरक्षा आणि ऊर्जा खात्याची, एफबीआयची आणि वीजजाळ्याच्या विश्वासार्हतेचं काम पाहणाऱ्या संस्थेची माणसं तिथं गेली, शिफ्टवरच्या लोकांशी बोलली आणि २५ फेब्रुवारी २०१६ ला, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत, जे कळलं ते जाहीर केलं. त्यात कंपन्यांची नावं नव्हती. आपल्याला तांत्रिक पुरावे स्वतंत्रपणे तपासता आले नाहीत, ही माहिती प्रामुख्यानं मुलाखतींवरून घेतली आहे, हेही त्यांनी त्यातच लिहून टाकलं. ईमेलपासून यूपीएसपर्यंत कशानंतर काय झालं, हे जगातल्या कोणत्याही वीज कंपनीला फुकट वाचता आलं. अंधार झाला युक्रेनमध्ये, आणि दारं-खिडक्या तपासायला लागलं सगळं जग.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, कीव्हजवळच्या एका उपकेंद्रावर आणखी हुशार मालवेअर वापरून पुन्हा हल्ला झाला. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये, युद्ध पेटलेलं असताना, त्याच जातीचं नवं हत्यार ८ एप्रिलच्या संध्याकाळची वेळ लावून पेरलेलं सापडलं आणि ते हाणून पाडलं गेलं. सापडलं ते युक्रेनचं सर्ट आणि स्लोव्हाकियातली इसेट ही कंपनी यांच्या एकत्र कामातून. आधीच्या हल्ल्यांची चिरफाड सहा वर्षं उघड्यावर होत होती, म्हणून नवं हत्यार हातात आल्याबरोबर जाणकारांनी त्याचं घराणं ओळखलं.

आता आपल्याकडे या.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचा काळ होता, हॉस्पिटलं भरलेली होती, जनरेटरवर जीव टांगलेले होते. कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्ही लाइनींवरून गोष्ट सुरू झाली आणि बाहेरचं जाळं कोसळलं तर मुंबईला वेगळं काढून जगवायची जी आयलंडिंगची व्यवस्था आहे, तीही त्या दिवशी टिकली नाही. मी घरी होतो. टीव्ही बंद, म्हणून मोबाइलवर जुन्या सहकाऱ्यांना फोन लावत बसलो. प्रत्येकाकडे वेगळी हकिकत.

साडेचार महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२१ ला, रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित असलेल्या, रेडएको असं नाव दिलेल्या गटानं भारताच्या वीजक्षेत्रातल्या १० संस्थांना आणि २ बंदरांना लक्ष्य केल्याचं त्यात होतं. मुंबईच्या अंधाराशी याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्यांनी लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाचा हवाला दिला. १४ ट्रोजन, म्हणजे लपून शिरणारे घातक प्रोग्राम, घातले गेले असावेत आणि ८ जीबी डेटाचा हिशेब लागत नाही, असं सांगून घातपाताची शक्यता बोलून दाखवली. लगेच तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मुंबईची वीज मानवी चुकीमुळे गेली, सायबर हल्ल्याशी तिचा संबंध नाही.

राज्याचं एक कारण, केंद्राचं दुसरं. मी या धंद्यात जन्म काढला, पण त्या दिवशी नेमकं काय झालं असं एखाद्या शिकाऊ पोरानं मला विचारलं तर आजही मला दोन उत्तरं सांगावी लागतात. लॉगबुकात एका ट्रिपिंगची दोन कारणं लिहिता येत नाहीत.

त्याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ऊर्जा मंत्रालयानं तेव्हा सांगितलं, की शॅडोपॅड या मालवेअरबद्दल सर्ट-इनचा मेल १९ नोव्हेंबर २०२० लाच आला होता आणि रेडएकोबद्दल देशाच्या महत्त्वाच्या यंत्रणांची सायबर सुरक्षा पाहणाऱ्या एनसीआयआयपीसीचा मेल १२ फेब्रुवारी २०२१ ला. म्हणजे इशारे आले होते आणि वरच्या पातळीवर हालचालही झाली. माझा प्रश्न त्याच्या खालचा आहे. त्या मेलमधलं काय शिफ्टवर पोचलं? आमच्या वेळी परिपत्रकं यायची इंग्रजीत, साहेबांच्या टेबलावर एक शिक्का बसायचा आणि ती फाइलला लागायची. रात्री पावणेतीन वाजता पॅनलसमोर असणारा ऑपरेटर, आता तर पुष्कळदा कंत्राटी, तो रोजचं सगळं मराठीत करतो. परमिट मराठीत मागतो, फोनवर पलीकडच्याला 'लाइन चार्ज करतोय' असं मराठीतच सांगतो. माउस आपोआप हलला तर पहिल्या मिनिटात काय करायचं, कोणती केबल उपटायची, कुणाला फोन लावायचा, हे एका पानावर मराठीत लिहून त्याच्या डोक्यावरच्या भिंतीवर चिकटवलेलं असायला हवं. आंतरराष्ट्रीय सहकार्याचं शेवटचं टोक ते पान आहे असं मी मानतो.

लोक म्हणतील, सगळं उघड केलं तर शत्रूला आयतं मिळेल. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. कोणत्या उपकेंद्रात कोणती यंत्रणा आहे हे चव्हाट्यावर मांडा असं मी म्हणत नाही. पण जो आत शिरला होता त्याला आपण कसे शिरलो हे माहीतच आहे. माहीत नसतं ते शेजारच्या उपकेंद्राला, दुसऱ्या राज्याच्या लोड डिस्पॅचला, म्हणजे वीज कुठे किती पाठवायची ते सांभाळणाऱ्या केंद्राला. एप्रिल २०२२ मध्ये त्याच अमेरिकी कंपनीनं लडाखच्या बाजूच्या, उत्तर भारतातल्या निदान ७ लोड डिस्पॅच केंद्रांकडे हल्लेखोरांनी मोर्चा वळवल्याचं सांगितलं. ते हल्ले फसले, असं केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. ते कसे फसले, कुणाच्या कोणत्या कामामुळे फसले, हे नावं झाकून का होईना, आमच्यासारख्यांना वाचायला मिळालं असतं तर बाकीच्या केंद्रांनाही तेच करता आलं असतं.

नियम बरेच झालेत आणि चांगलेही आहेत. वीजक्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सायबर घटना ६ तासांच्या आत सर्ट-इनला कळवायची, असा आदेश २०२२ च्या एप्रिलमध्ये निघाला. पण सहा तासांत कळवणारा माणूस घाबरलेला असेल तर तो काय कळवेल, हे मला ठाऊक आहे. ज्यानं खरं लिहिलं त्याच्यावर कारवाई होणार नाही, अशी लेखी हमी त्या आदेशाइतक्याच ठळक अक्षरांत द्या. परदेशी पथक उद्या आपल्याकडे आलं, युक्रेनमध्ये बसलं तसं आपल्या ऑपरेटरसमोर बसलं, तर त्यानं डोळे न चोरता बोलावं एवढं बळ त्याला आपल्याच घरातून मिळायला हवं.

माझ्या त्या लॉगबुकाचं पान आता कुठे असेल कुणास ठाऊक. दुरुस्ती इथे करतो.

२२० केव्ही लाइन. दुपारी ३ वाजून १० मिनिटं. डिस्टन्स रिलेचा फ्लॅग नाही. कारण: पॅनलमागचे दोन फेरूल उलटे बसल्यामुळे टेस्टिंगच्या वेळी चालू लाइनच्या टर्मिनलला हात लागला. शेजारच्या सर्व उपकेंद्रांनी त्या खेपेतले पॅनल तपासून घ्यावेत.