टनामागे ७५ सेंट
खतविक्रीवरचं शुल्क म्हणजे शेतकऱ्याची लूट, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइन शहरात राहतो. इथे १९८७च्या भूजल संरक्षण कायद्याने नत्रखतावर टनामागे फार तर ७५ सेंट लावले. एवढ्यात इथे चहाही येत नाही! त्या पैशांतून आयोवा स्टेट विद्यापीठात शाश्वत शेतीसाठी लिओपोल्ड सेंटर उभं राहिलं. खटकतं ते पुढचं. २०१७मध्ये विधिमंडळाने तो पैसा त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या केंद्राकडे वळवला, लिओपोल्ड नावापुरतं उरलं. आणि २०२५च्या जूनमध्ये नद्यांत नायट्रेट, म्हणजे शेतातल्या खतांतून वाहून येणारं नत्र, इतकं वाढलं की ते काढून पिण्याजोगं पाणी पुरवणं जड गेलं, आणि अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायला बंदी! आमचा रबरी पाइप कित्येक आठवडे गॅरेजमध्ये गुंडाळून पडला होता. नद्या मात्र भरलेल्या.