पालमची सफर, गिट्टीखदानच्या सोफ्यावर

प्रवासाहून परतलेल्या नातेवाइकाचा मोबाइल टीव्हीला जोडता येतो, हा शोध ज्याने लावला त्याला एकदा नागपुरात गिट्टीखदानला माझ्या मामांच्या सोफ्यावर बसवला पाहिजे. तोही मे महिन्यात.

मामा-मामी दिल्लीला जाऊन पालमचं वायुसेनेचं संग्रहालय पाहून आले होते. "तर्री पोहे करून राहिली तुझी मामी, ये," एवढंच फोनवर सांगितलं. फोटोंचा विषय धूर्तपणे टाळला. मी गेलो, तर बैठकीचे पडदे ओढलेले आणि टीव्हीवर मामांचा अंगठा. तो बाजूला झाल्यावर विमान दिसलं.

मामांनी अख्खी नोकरी वायुसेनानगरला, मेंटेनन्स कमांडच्या मुख्यालयात सिव्हिलियन क्लार्क म्हणून काढली. विमानांशी जन्माचा संबंध, पण सगळा कागदावरचा. विमान त्यांना पार्ट नंबरवरून ओळखू येतं. पालमला गेल्यावर जन्मभर हाताळलेल्या फायलींना पंख फुटलेले पाहून त्यांचं काय झालं असेल, हे मी समजू शकतो. पण माझं काय झालं, हे ते समजून घेत नव्हते.

सुरुवात वापिटी या जुन्या विमानापासून. वायुसेना 1932 साली स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी कराचीत चार वापिटींवर पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं. एकावर एक दोन पंख, वैमानिकाला डोक्यावर छप्पर नाही. फोटोत वापिटी डाव्या कोपऱ्यात थोडीशी होती, उरलेल्या जागेत मामी. मामीचे डोळे मिटलेले निघाले, म्हणून पुढचा फोटो पुन्हा वापिटीचा. त्यात मामीने डोळे उघडले, तर वापिटी कापली गेली.

"अबे, मोबाइल काय पाहून राहिला? समोर पाह. नॅट आहे!"

नॅट म्हणजे 1965 च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांना पुरून उरलेलं एवढुसं विमान. वर शेर, पण त्याच्या हायड्रॉलिक्सने आणि शेपटीकडच्या कंट्रोलने जमिनीवरच्यांची झोप उडवली होती. मामांना शौर्यापेक्षा हायड्रॉलिक्समध्ये जास्त रस. कोणतं सील, त्याचं इंडेंट म्हणजे मागणीपत्र, त्यावरची क्वेरी, क्वेरीवरचं उत्तर. युद्ध संपलं, तरी पत्रव्यवहार चालूच होता.

मग लिबरेटर आला आणि मामा उभे राहिले. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं कानपूरला सोडली. आपल्या कामी येऊ नयेत म्हणून जाताना त्यांची नीट तोडफोडही केली. आपल्या लोकांनी त्या ढिगाऱ्यातून चाळीसेक विमानं उभी केली. कशीबशी उडण्याजोगी करून ती कानपूरहून बंगलोरला नेली, तिथे एचएएल या विमान कारखान्याने त्यांना पूर्ण दुरुस्त केलं आणि 1968 पर्यंत वायुसेनेने ती वापरली.

"भंगार म्हनून सोडलं होतं, भंगार! समजलं काय?"

हे माझ्यासाठी नव्हतं, स्वयंपाकघरासाठी होतं. खिडकीतला कूलर यंदा तरी फेकायचा, असं मामी होळीपासून म्हणत होती. त्याची मोटर दुसऱ्या कूलरची, पंखा तिसऱ्याचा, पत्रा वेल्डिंगवाल्याच्या भरवशावर.

"लिबरेटर घरात पाणी गळत नव्हता," आतून आवाज आला. पाठोपाठ तर्रीचा वास आला, पोहे मात्र आले नाहीत.

पुढचा फोटो जपानी ओहकाचा. मोठ्या विमानाच्या पोटाखाली टांगून न्यायचं, आत वैमानिक, नाकात स्फोटकं, मागे रॉकेट. सोडलं की सरळ जहाजावर. उतरायला चाकंच दिलेली नाहीत. एका बाजूला भिंत, दुसरीकडे मामा, गुडघ्यासमोर टीपॉय अशा स्थितीत मी त्या यंत्राकडे जरा जास्तच आपुलकीने पाहिलं.

डकोटाचा फोटो नव्हता, म्हणून मी सुस्कारा सोडला. पण फोटो नसला म्हणून डकोटा टळत नसतो. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारीकडून डकोटा विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भेटायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. अख्ख्या देशाची पत्रं अपरात्री नागपुरात जागी असायची, हे सांगताना मामांचा ऊर भरून आला. मलाही खरोखर कौतुक वाटलं. ते चेहऱ्यावर दिसलं आणि मामांनी तोच इतिहास पुन्हा सुरुवातीपासून सांगितला.

शेवटी पोहे आले. मामी प्लेट ठेवत म्हणाली, "विचार यांना, दिल्लीत अजून काय दाखवलं? लाल किल्ला ऑटोतून दाखवला. थांबलासुद्धा नाही तो."

मामा पोह्यांवर तर्री ओतत होते.

"त्याला पार्ट नंबर नाही ना पण," ते म्हणाले.